विश्लेषण : डीलरने बदललेली गाडी अमेरिकेत कोट्यवधींची, मग आपल्याकडे बेकायदा का?

मुंबईकडून गोव्याच्या दिशेने येताना खारेपाटण आले की सिंधुदुर्ग जिल्हा सुरू होतो. २०२०च्या टाळेबंदीत जिल्ह्यात शिरणारी प्रत्येक गाडी इथल्या चेकपोस्टवर थांबत होती. शनिवार-रविवारी मालवणकडे जाणाऱ्या गाड्यांत थार आणि जुन्या जीप आता सहज दिसतात. टायर कंपनीच्या मापापेक्षा जाड, पुढे लोखंडी बुल बार, छतावर दिव्यांची रांग. हे काम शोरूममध्येच झाले असेल आणि बिलही शोरूमचे असेल, तर ते कायदेशीरच असणार असे बहुतेक मालक धरून चालतात. तसे नाही.

गंमत म्हणजे, साठच्या दशकातल्या अमेरिकेत डीलरने शोरूममागच्या वर्कशॉपमध्ये बदलून विकलेल्या काही गाड्या आज जगातल्या सर्वांत महाग संग्राह्य गाड्यांत मोडतात. ५० वर्षांहून जुन्या गाड्यांच्या आयातीची वाट केंद्र सरकारने २०२५ मध्ये मोकळी केली. त्याआधी ही सवलत १९५० पूर्वीच्या गाड्यांपुरती होती. म्हणजे १९६७ किंवा १९६९ची अमेरिकन गाडी आता, कागदावर तरी, मुंबई बंदरात उतरू शकते. त्यामुळे ‘डीलरने बदललेली गाडी’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न आपल्याकडेही आला आहे.

मसल कार म्हणजे काय?

मध्यम किंवा लहान आकाराची, परवडणाऱ्या किमतीची गाडी आणि तिच्यात मोठ्या गाडीचे आठ सिलिंडरचे इंजिन, एवढीच साधी कल्पना. १९६४ मध्ये पॉन्टिअॅकने आपल्या टेम्पेस्ट या गाडीत ६.४ लिटरचे इंजिन बसवून ‘जीटीओ’ विकली आणि तिथून ही लाट सुरू झाली, असे साधारण मानले जाते.

पण जनरल मोटर्सने (जीएम) स्वतःवर दोन बंधने घालून घेतली होती. १९६३ मध्ये कंपनी मोटार शर्यतींतून अधिकृतपणे बाहेर पडली. शिवाय कॉर्व्हेट वगळता मध्यम आणि लहान गाड्यांत ४०० घनइंचांपेक्षा, म्हणजे साधारण साडेसहा लिटरपेक्षा मोठे इंजिन बसवायचे नाही, असा तिचा अंतर्गत नियम होता. फोर्ड आणि क्रायस्लर मात्र मोठी इंजिने विकत होत्या. शेव्हरोलेकडे ४२७ घनइंचांचे, म्हणजे सात लिटरचे इंजिन तयार होते, गिऱ्हाईकही तयार होते. मध्ये फक्त नियम होता.

डीलर यात कसे आले?

नियम कंपनीला लागू होता, डीलरला नाही. पेनसिल्व्हेनियातल्या कॅननसबर्ग या छोट्या गावात येन्को कुटुंबाची शेव्हरोलेची एजन्सी होती. मुलगा डॉन येन्को स्वतः शर्यतीत गाडी चालवायचा. १९६७ मध्ये त्याने नव्या कॅमॅरो मागवल्या, त्यांचे मूळ इंजिन उतरवले आणि ४२७ घनइंचांचे इंजिन बसवून त्या ‘येन्को सुपर कॅमॅरो’ म्हणून विकल्या. इंजिनाची जाहीर ताकद ४२५ अश्वशक्ती होती. आजच्या पेट्रोल थारची १५० आहे. (ही तुलना थोडी सैल आहे. त्या काळी अमेरिकेत इंजिन सुटे ठेवून, पंखा आणि सायलेन्सरचा भार न धरता ताकद मोजत. १९७२ पासून मोजण्याची पद्धत बदलली आणि आकडे एकदम खाली आले.) आकाराची कल्पना यायची तर, त्या इंजिनाचा एकेक सिलिंडर सुमारे ८७५ सीसीचा होता. आपल्या मारुती ८०० चे अख्खे इंजिन ७९६ सीसीचे.

असे करणारा येन्को एकटा नव्हता. शिकागोत निकी शेव्हरोले आणि ‘मिस्टर नॉर्म’ची ग्रँड स्पॉल्डिंग डॉज, मिशिगनमध्ये रॉयल पॉन्टिअॅक, ऱ्होड आयलंडमध्ये टास्का फोर्ड अशी नावे होती. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडला बाल्डविन शेव्हरोले आणि जोएल रोझेन यांची मोशन परफॉर्मन्स ही जोडी तर पाव मैल साडेअकरा सेकंदांत कापण्याची हमी देऊन गाडी विकायची. टास्काने तयार केलेल्या मस्टँगचा परिणाम इतका झाला की फोर्डने तसेच इंजिन १९६८ मध्ये ‘कोब्रा जेट’ नावाने कारखान्यातूनच देणे सुरू केले.

या धंद्यात एक अडचण होती. इंजिन वर्कशॉपमध्ये बदलले की मजुरी वाढायची आणि कंपनीच्या वॉरंटीचा प्रश्न उभा राहायचा. येन्कोने त्यावर शोधलेला उपाय या सगळ्या गोष्टीतला सर्वांत हुशार भाग आहे. जीएमकडे ‘सेंट्रल ऑफिस प्रॉडक्शन ऑर्डर’, म्हणजे ‘कोपो’ नावाची एक कंटाळवाणी सोय होती. टॅक्सी कंपन्या, पोलीस खाते यांना वेगळा रंग, वेगळ्या सीट अशा नेहमीच्या यादीबाहेरच्या गोष्टी हव्या असल्या की ही ऑर्डर भरायची. १९६९ साठी येन्कोने याच मार्गाने ४२७ इंजिनाच्या कॅमॅरो थेट कारखान्यातून मागवल्या. क्रमांक होता कोपो ९५६१. कंपनीचा नियम तसाच राहिला आणि कंपनीच्याच कारखान्यात, कंपनीच्याच वॉरंटीसह नियमाबाहेरची गाडी तयार झाली.

त्याच वर्षी इलिनॉयमधल्या ला हार्प या खेड्यातल्या फ्रेड गिब या डीलरने आणखी पुढची मागणी केली. त्याला पूर्ण अॅल्युमिनियमचे ४२७ इंजिन, ‘झेडएल-१’, हवे होते. शर्यतीच्या नियमांसाठी किमान ५० गाड्या लागत, म्हणून त्याने ५० मागवल्या. बिल आले तेव्हा एका गाडीची किंमत सात हजार डॉलरच्या पुढे गेली होती. त्यात निव्वळ या इंजिनाचे ४,१६० डॉलर. साधी आठ सिलिंडरची कॅमॅरो तेव्हा तीन हजार डॉलरच्या आत मिळायची. गावातल्या डीलरला एवढ्या महाग गाड्या खपवणे शक्य नव्हते. बऱ्याच गाड्या परत गेल्या आणि इतर डीलरांकडे पाठवल्या गेल्या. कोपो ९५६० या क्रमांकाच्या अशा कॅमॅरो एकूण ६९ बनल्या. तेव्हा शोरूममध्ये पडून राहिलेल्या याच गाड्यांना आज लिलावात दहा लाख डॉलरच्या घरात बोली लागते.

मग त्या इतक्या दुर्मीळ का?

मुळात बनल्याच कमी. १९६९च्या येन्को कॅमॅरो सुमारे २००, त्याआधीच्या दोन वर्षांत त्याहून कितीतरी कमी. त्या विकत घेणारे तरुण त्यांना जपणारे नव्हते. गाडी शर्यतीला नेली, इंजिन फुटले, दुसरे बसवले, शेवटी भंगारात दिली, असे अनेकींचे झाले. विमा कंपन्यांनी तरुण चालकांचे हप्ते इतके वाढवले की काहींना गाडीच्या हप्त्यापेक्षा विम्याचा हप्ता जड झाला. १९७० मध्ये जीएमने ४०० घनइंचांची मर्यादा उठवली आणि डीलरने इंजिन बदलण्याचे मूळ कारणच संपले. त्याच वर्षी अमेरिकेत ‘क्लीन एअर अॅक्ट’ आला. डीलरने धूर नियंत्रणाच्या यंत्रणेत ढवळाढवळ करणे गुन्हा ठरले. १९७४ मध्ये मोशनच्या रोझेनवर सरकारी कारवाई झाली आणि तो धंदा तिथेही आटोपला. ज्या अमेरिकेचे उदाहरण हौशी मंडळी देतात, तिथेही डीलरची ही मोकळीक दहा वर्षे टिकली नाही.

दुर्मीळतेचा खरा पेच मात्र कागदांत आहे. १९६९च्या कॅमॅरोच्या चेसीस नंबरवरून गाडी आठ सिलिंडरची आहे एवढेच कळते, आत कोणते इंजिन आले होते ते कळत नाही. साधी कॅमॅरो घेऊन, त्या काळचे इंजिन आणि पट्टे लावून ‘येन्को’ तयार करणे त्यामुळे अवघड नाही. अस्सल-नक्कल ठरते ती इंजिनावरच्या ठशावरून, डीलरच्या मूळ बिलावरून आणि गाडीसोबत मिळालेल्या वॉरंटीच्या पत्र्यावरून. संग्राहक गाडीइतकेच पैसे या कागदांचे मोजतो, असे म्हटले तरी चालेल.

या गाड्या तेव्हा भारतात का आल्या नाहीत?

अमेरिकन गाड्या मुंबईला नव्या नव्हत्या. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला जुळणी कारखाना काढला होता. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात क्रायस्लरच्या परवान्यावर डॉज, प्लिमथ जोडल्या. पण नुसती जुळणी नको, सुटे भागही इथेच बनवा, असे धोरण आले आणि जीएमने १९५४ मध्ये काम गुंडाळले. मसल कारची लाट आली तोवर आयातीचे दार जवळपास बंद झाले होते. १९६९ मध्ये कुर्ल्यात बनत होती ती १,०८९ सीसीची फियाट ११०० डिलाइट आणि तिच्यासाठीही नाव नोंदवून थांबावे लागे. गाडी मिळणे हीच चैन होती, तिचे इंजिन कोण बदलणार?

आपल्याकडचा कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, निर्मात्याने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी आरसीवरची नोंद विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. यावर केरळ उच्च न्यायालयाने घेतलेली सैल भूमिका सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात मोडीत काढली. निर्मात्याचा मूळ आराखडा हीच मोजपट्टी, हे त्यातून पक्के झाले. अपवाद आहेत. मान्यताप्राप्त सीएनजी किट बसवता येते, दिव्यांग चालकासाठी गाडीत बदल करता येतो, पण त्याची आरटीओकडे नोंद करावी लागते. ट्रक-बसची चेसीस कंपनीकडून घेऊन बॉडी दुसरीकडे बांधणे हाही आपल्याकडे जुना, कायदेशीर धंदा आहे. तिथे बॉडीसाठी ठरवून दिलेली मानके आहेत आणि पासिंग बॉडी बांधल्यावर होते.

डीलरच्या दृष्टीने महत्त्वाची तरतूद २०१९ च्या दुरुस्तीतली आहे. कलम १८२-अ प्रमाणे नियमबाह्य गाडी विकणाऱ्या किंवा तशी बदलून देणाऱ्या निर्मात्याला, आयातदाराला वा डीलरला एक वर्षापर्यंत कैद किंवा गाडीमागे एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. मालकाने स्वतः बेकायदा बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही. येन्कोने जे केले, ते आज इथे केले तर पहिल्या गाडीलाच एक लाखाचे कलम लागेल.

व्यवहारात मात्र रस्त्यावर अडतो तो मालक. बुल बार लावण्याविरुद्ध केंद्राने राज्यांना डिसेंबर २०१७ मध्येच कळवले आहे. अपघातात तो एअरबॅगच्या सेन्सरचे गणित बिघडवतो आणि धडकेचा जोर पादचाऱ्यावर जास्त येतो. तरीही ॲक्सेसरीजच्या दुकानांत तो उघड मिळतो. शोरूमच्या बिलावर ‘ॲक्सेसरीज’ एवढाच शब्द असतो. त्यात नेमके काय बसवले, ते मंजूर आहे का, याचा उल्लेख अनेकदा नसतो. मोठा अपघात झाला आणि गाडीतला बदल विमा कंपनीला कळवलेला नसला, तर दावा कमी होण्याची किंवा नाकारला जाण्याची पाळी येते. लाखाची हौस दहा लाखांना पडते ती इथे.

सिंधुदुर्गात याला आणखी एक पदर आहे. पुण्या-मुंबईत वापरलेल्या, बदल केलेल्या जीप आणि थार इथे सेकंडहँड येतात, गोव्याच्या पासिंगच्याही येतात. गोव्याची गाडी कायमची आणायची तर तिथल्या आरटीओचे ना-हरकत पत्र, इथला कर आणि ओरोसच्या कार्यालयात तपासणी, म्हणजे मगच एमएच-०७ नंबर. तपासणीत गाडी आरसीशी ताडून बघितली जाते. आधीच्या मालकाने इंजिन बदलून नोंद केली नसेल, तर नंबर जुळणार नाही आणि ते निस्तरायचे काम नव्या मालकाच्या गळ्यात येईल. इंजिन आणि चेसीस नंबर आरसीशी स्वतः ताडून मगच पैसे देणे, एवढी काळजी खरेदीदाराच्या हातात आहे.

येन्को भारतात आली तर नोंदणी होईल का?

केंद्राने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेल्या गाडीला नंबर प्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे मिळतात. शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षे, नूतनीकरण पाच हजारांत. रोजच्या वापराला परवानगी नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. आयातीवरचे सीमाशुल्क आणि इतर कर वेगळे, आणि ते जबर आहेत.

पण मुख्य अट पुढची आहे. गाडी मूळ स्वरूपात हवी, चेसीस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नको. १९६९ची कोपो कॅमॅरो यात सहज बसावी, कारण तिचे इंजिन कारखान्यातच बसले होते. १९६७च्या येन्कोचे इंजिन डीलरने बदलले, मात्र गाडी पहिल्या गिऱ्हाइकाच्या हाती पडली तेव्हा ती तशीच होती. तिचे मूळ स्वरूप कारखान्यातून निघाली तेव्हाचे धरायचे, की कॅननसबर्गच्या शोरूममधून निघाली तेव्हाचे? नियमात डीलरचा वेगळा उल्लेख नाही. कलम ५२ ची मोजपट्टी लावली तर उत्तर कारखान्याच्या बाजूने जाते, आणि मग ज्या बदलामुळे ती गाडी कोट्यवधींची झाली, त्याच बदलामुळे तिला ‘व्हीए’ नंबर नाकारला जाऊ शकतो.