जुनी पिकअप, नवा ट्रेलर: फिरवून नाही, उभा करून कमवा



कॅरॅव्हॅनचा विषय निघाला की आपल्याकडची पोरं एक वाक्य हमखास बोलतात, "सर, पिकअप तर घरचीच आहे, फक्त ट्रेलर घ्यायचाय." या वाक्यातला सगळ्यात महाग शब्द कोणता? 'फक्त'!

माझं मत आधीच सांगतो. कशेळे परिसरात राहण्याच्या ट्रेलरचा धंदा होऊ शकतो. पण दहा-बारा वर्षं भाजीपाला, सिमेंट, वीटा वाहिलेल्या पिकअपमागे तो दर शनिवारी फिरवायचा असेल, तर करू नका. ट्रेलर एकदा नीट जागेवर आणा, उभा करा आणि तिथेच कमवा.

गिऱ्हाईक आहे का? आहे ना! कर्जत-मुरबाड रस्त्यावरचं आपलं गाव. इथूनच खांडसला भीमाशंकरची पायवाट धरणारे जातात, आंबिवलीला कोथळीगडवाले जातात. मुंबई-पुण्याची माणसं शनिवार-रविवार झोपायला स्वच्छ जागा शोधत असतात. पण गर्दी कधी असते? पावसाळ्यात. आणि ट्रेलर ओढायला सगळ्यात वाईट दिवस कुठले? तेही पावसाळ्याचेच. ओला रस्ता, खड्डे, कडेला चिखल. भाताच्या खाचरात चाक रुतलं की ट्रॅक्टर बोलवावा लागतो आणि पाहुणा मोबाईल काढून शूटिंग करतो.

चला, वही काढा. आकडे मी समजायला धरलेत, तुम्ही तुमचे टाका.

समजा ट्रेलरसाठी ६ लाख कर्ज, व्याज १२ टक्के, मुदत ५ वर्षं. हप्ता साधारण १३,३५० रुपये. महिन्यात ८ रात्री, रात्रीचे २,५०० म्हणजे २०,००० आले. धुणं, सफाई, वीज रात्रीला ३०० धरून २,४०० गेले. हातात उरले ४,२५०. जागा घरची असेल तर ठीक आहे.

आता तोच ट्रेलर पाहुणा सांगेल तिथे नेऊन द्या आणि परत आणा. डिझेल आणि ड्रायव्हर मिळून एका वीकेंडला १,५०० धरा. चार वीकेंडचे ६,००० झाले. म्हणजे महिन्याला १,७५० खिशातून! क्लच प्लेट, टायर, पाटे यांचा खर्च यात धरलेलाच नाही. शिवाय पिकअप गॅरेजमध्ये गेली की सोमवारचं भाजीचं भाडंही गेलं. चालता धंदा नव्या धंद्याने खाल्ला.

पैशापेक्षा मोठी गोष्ट वजनाची. समजा ट्रेलर सामानासकट १,२०० किलोचा आहे. साधारण १० ते १५ टक्के वजन पुढे हुकवर यावं लागतं, म्हणजे १२० ते १८० किलो. ते पिकअपच्या पाट्यांवर येतं, म्हणून मागच्या हौद्यात तेवढा माल कमी भरायचा. हुकवर वजन कमी पडलं की ट्रेलर शेपटीसारखा हलतो आणि पिकअपलाही ओढतो. त्यात २०० लिटरची पाण्याची टाकी भरलीत तर २०० किलो आणखी वाढले. दर १० मीटरला १ मीटर उतार असेल, तर १,२०० किलोचा ट्रेलर पिकअपला मागून जवळजवळ १२० किलोच्या जोराने ढकलतो. पुण्याहून आणलात तर बोरघाट उतरायचाच आहे. तिथे सतत ब्रेक दाबून उतरलात तर लायनर तापतात आणि ब्रेक लागेनासे होतात. जुन्या पिकअपने चढ कसाबसा चढला म्हणून खूश होऊ नका. खरी परीक्षा उताराची.

म्हणून ट्रेलर जागेवर आणण्याआधी एवढं कराच:

- आरसीवरचं एकूण वजन बघा. ही गाडी किती ओढू शकते ते कंपनीच्या पुस्तकात बघा, नसेल तर सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या.
- ट्रेलर भरून वजनकाट्यावर न्या. अंदाज नको, पावती हवी.
- ट्रेलरला स्वतःचे ब्रेक आणि दिवे हवेत. हुक चेसिसला नीट बसवलेला हवा, बंपरला वेल्डिंग करून नको.
- नोंदणी, लायसन्स आणि विमा यांचं आरटीओत आणि विमा कंपनीत आधी विचारा. ८ वर्षांवरच्या मालवाहू गाडीचं पासिंग दरवर्षी लागतं, ते चालू ठेवा.
- टाकी रिकामी, माणसं ट्रेलरबाहेर, दिवसाउजेडी, पाऊस नसताना. घाटात खालचा गिअर.

यातलं काही जमत नसेल तर ओढायला दणकट गाडी एक दिवस भाड्याने घ्या. वर्षातून एक-दोनदाच लागणार आहे.

काही जण म्हणतील, "मग कॅरॅव्हॅनची मजाच काय? हॉटेलच बांधू की!" मुद्दा बरोबर आहे. पण पाहुण्याला मजा चाकांची नाही, झाडाखाली उघडणाऱ्या दाराची वाटते. राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, त्यातही कॅरॅव्हॅनबरोबर कॅरॅव्हॅन पार्कचा विचार आहे. आपल्या हातात जमीन आहे, म्हणून आपल्या कामाचा भाग तो दुसरा. मुरूम टाकून पक्की केलेली जागा, पाणी, वीज, स्वच्छ संडास. एवढं नीट असेल तर उद्या दुसऱ्याची कॅरॅव्हॅनसुद्धा तुमच्याकडे उभी राहील आणि भाडं देईल.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या पिकअपचा वर्षभराचा दुरुस्ती खर्च एका पानावर लिहा. त्या पानाखाली ट्रेलरचा हप्ता लिहा. दोन्ही आकडे घरच्यांना दाखवा आणि मगच बँकेत जा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा करा, पण हिशोबाने!