डोळ्यांचे थेंब आणि औषधविक्रेते

भाताच्या कापणींत लोंबीचें कूस किंवा उसाच्या पाल्याची धार डोळ्यास लागणें ही शेतमजुरास नित्याची गोष्ट आहे. दोन दिवस तो कळ सोसतो, तिसऱ्या दिवशीं बाजारास येऊन औषधाच्या दुकानांतून थेंबांची कुपी नेतो. डॉक्टरची चिठ्ठी त्यास कोणी विचारीत नाहीं. ह्या बिनचिठ्ठीच्या कुपीविषयीं आम्हांस आज आमच्या व्यापारी बंधूंशीं दोन शब्द बोलावयाचे आहेत.

पाल्याबरोबर बुबुळावरील पारदर्शक पडद्यांत बुरशी शिरते. फ्युजेरियम, ॲस्परजिलस वगैरे ह्या बुरशा मातींत व वनस्पतींवर सर्वत्र असतात. विकले जाणारे थेंब पुष्कळदां स्टेरॉइडमिश्रित असतात. त्यांनीं लाली व ठणका ओसरतो, रोगी दुकानदारास दुवा देतो, आणि शरीराचा प्रतिकार दबल्यामुळें आंत बुरशी निर्धास्त वाढते. पुढें फूल पडतें. कित्येकदां बुबुळास छिद्र पडून डोळाच जातो.

बरें, खरा उपाय दुर्मिळ आहे असेंहि नाहीं. व्रणाचा किंचित् अंश खरवडून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला असतां बुरशी आहे किंवा कसें हें बहुधा लगेच कळतें. नॅटामायसिनचे ५ टक्क्यांचे थेंब हें त्यावरील जुनेंच औषध. दक्षिणेंतील अरविंद नेत्ररुग्णालयांतून झालेल्या व २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या चाचणींत व्होरिकोनाझोल ह्या नव्या औषधापेक्षां तेंच सरस ठरलें. नव्याच्या मागें धांवणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें.

जखम ताजी असतां तर काम याहून सोपें आहे. नेपाळांत भक्तपूर येथें गांवच्या स्वयंसेवकांनीं बुबुळास ओरखडा पडलेल्यांस क्लोरॅमफेनिकॉलचें मलम तीन दिवस लावलें. १८ तासांच्या आंत आलेल्यांपैकीं एकासहि व्रण झाला नाहीं, असें २००१ सालीं प्रसिद्ध झालें. आमच्या गांवीं असे स्वयंसेवक तयार करणें अशक्य कां असावें?

स्टेरॉइडचे थेंब १९४५ च्या औषध-नियमांच्या 'एच' अनुसूचींत मोडतात; चिठ्ठीवांचून ते विकणें कायद्याविरुद्ध आहे. "आम्हीं न दिले तर शेजारचा देईल," हें उत्तर आम्हांस ठाऊक आहे. म्हणूनच गांवोगांवच्या औषधविक्रेत्यांच्या संघांनीं एकत्र ठराव करून ही विक्री बंद करावी. आणि ज्यांच्या अडतीवर हेंच भात येऊन पडतें, त्या अडत्यांनीं डोळ्यास इजा झालेल्या मजुरास त्याच दिवशीं नेत्ररुग्णालयांत धाडण्याचें गाडीभाडें आपल्या पेढीवरून द्यावें.