शिक्क्याची हुकूमशाही

हुकूमशाहीला दर वेळी सिंहासन लागत नाही; कागद आणि शिक्काही पुरतो. १८७० च्या दशकात आंबेगावच्या जांबोरीचा होन्या केंगले सावकारांविरुद्ध उठला, कारण खतावणीही सावकाराची आणि कोर्टात ग्राह्य साक्षही तिचीच. पुढे वन खात्याच्या कायद्याने जंगल सरकारजमा झाले. आंबेगावातल्याच आहुप्याच्या महादेव कोळ्यांनी देवराई पिढ्यान्‌पिढ्या राखली, पण १९८५ मध्ये भीमाशंकर अभयारण्य झाल्यावर त्याच रानात ते उपरे ठरू लागले. हेतू शेकरू वाचवण्याचा होता, हे मान्यच. मात्र चांगल्या हेतूच्या सत्तेला जाब विचारणे अधिक अवघड असते.

१९९६ चा पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांसाठीचा पंचायत विस्तार कायदा, आणि २००६ चा वनहक्क कायदा यांनी ग्रामसभेला अधिकार दिले. हिरड्यासारख्या गौण वनोपजावर तिची मालकी आहे; महाराष्ट्राच्या २०१४ च्या नियमांनुसार पाड्यालाही स्वतःची ग्रामसभा मागता येते. तरीही ठराव आधी लिहून सह्या नंतर गोळा करण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. असा ठराव कोऱ्या कागदापेक्षा घातक, कारण त्यावर लोकांची संमती छापलेली असते. तेव्हा सभा पाड्यावरच भरवा, इतिवृत्त तिथेच वाचून दाखवा आणि मगच सह्या घ्या.