बिल नाही, म्हणून बाळही नाही?

गेल्या महिन्यात एका बैठकीत एका तज्ज्ञांनी पडद्यावर आलेख दाखवले आणि म्हणाले, “आता दारोदार फिरून लसींची मोजदाद करायला नको. आरोग्य विम्याच्या नोंदींवरून बसल्या जागी टक्केवारी कळेल.” टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत. का, ते सांगते.

ही पद्धत मुळात खोटी नाही. जर्मनीत सुमारे ९० टक्के लोक सार्वजनिक विमा निधीत आहेत. डॉक्टर लस टोचतात, तिचे बिल होते आणि त्या बिलांवरून तिथली रॉबर्ट कॉख संस्था लसीकरणाचे प्रमाण काढते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धच्या एचपीव्ही लसीची शिफारस तिथे मुलींसाठी २००७ सालीच झाली. तरी कितीतरी मुली मागे राहिल्या, हे या बिलांनीच दाखवले. तिथे हे जमते, कारण विमा जवळजवळ प्रत्येकीचा आहे.

आपल्याकडे काय? बाळाची लस सरकारी केंद्रात फुकट मिळते आणि ती फुकटच मिळाली पाहिजे. पण फुकट लसीचे बिल होत नाही. २०१८ साली सुरू झालेली आयुष्मान भारत विमा योजना रुग्णालयात दाखल झाल्यावरचा खर्च देते. बाळाच्या नेहमीच्या लसी तिच्यात येत नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात निदान एका माणसाचा तरी विमा असलेली घरे होती ४१ टक्के. मग या नोंदींत दिसणार कोण? खाजगी डॉक्टरकडे जाणारी, विम्यातून लसीचे पैसे मिळणारी मूठभर कुटुंबे. दिसणार नाही ती बीडहून पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला गेलेली बाई. तिच्या बाळाचा दहाव्या आठवड्याचा डोस फडावरच्या कोपीत राहून गेलेला असतो.

त्याच सर्वेक्षणाने सांगितले की, १२ ते २३ महिन्यांच्या ७६ टक्के बालकांचे लसीकरण पूर्ण झाले होते. हा आकडा आला कुठून? आईसमोर बसून, तिच्याकडचे कार्ड पाहून, कार्ड नसेल तर तिला विचारून! आपल्याला नको झालेली दारोदार फिरती ती हीच.

आशाताईंच्या वहीत चुका नसतात, असे मी म्हणत नाही. वरून उद्दिष्टांचा रेटा आला की रकाने भरलेही जातात. पण त्यावर उपाय वही फेकून देणे हा नव्हे. जी उन्हातान्हात घरोघर जाते, तिला आपण अजून ‘स्वयंसेविका’ म्हणतो आणि पगाराऐवजी कामागणिक मोबदला देतो. आता यंत्राचे कौतुक करून तिचे कामच अनावश्यक ठरवायचे का?

मैत्रिणींनो, टक्केवारी ऐकली की एकच प्रश्न विचारा : शंभरातले हे शंभर कोण? ज्यांची मोजणीच नाही, त्यांच्यासाठी लस मागवली जात नाही, नर्सबाई पाठवली जात नाही. आणि मग गोवर आला की दोष द्यायला आई असतेच.