अर्धशिशी म्हणजे पित्त नव्हे

अर्धशिशी हा मेंदूचा आणि चेहऱ्याला संवेदना पुरवणाऱ्या त्रिधारी मज्जातंतूचा विकार आहे; तो पित्तामुळे होतो, हा समज टिकत नाही. मळमळ, उलटी ही झटक्याची लक्षणे आहेत, कारण नव्हे. उलटीनंतर काहींना बरे वाटते, त्यामुळे हा समज घट्ट झाला असावा.

झटक्यात या मज्जातंतूच्या टोकांतून सीजीआरपी हे रसायन सुटते. त्याचा परिणाम रोखणारे पहिले इंजेक्शन, एरेनुमॅब, अमेरिकेत २०१८ साली मंजूर झाले. अर्धशिशीतील सीजीआरपीची भूमिका उलगडणाऱ्या चार शास्त्रज्ञांना २०२१ चे ब्रेन प्राइझ मिळाले.

उपचाराविना झटका ४ ते ७२ तास टिकतो. उजेड, आवाज, वास सोसवत नाहीत. दोडामार्गात काजूच्या हंगामात उपाशीपोटी उन्हात बोंडू वेचणाऱ्या बाईच्या वाट्याला भूक, ऊन आणि अपुरी झोप ही झटक्याची तिन्ही निमित्ते एकत्र येतात. रोजंदारी बुडू नये म्हणून ती दुकानातली गोळी घेऊन कामावर उभी राहते, आणि खरा धोका इथेच आहे. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, मिश्र गोळ्या १० किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त चालले, तर त्या गोळ्यांमुळेच डोकेदुखी जडते.

वारंवार झटके येणाऱ्यांसाठी प्रोप्रॅनोलॉल, अॅमिट्रिप्टिलिन ही जुनी, स्वस्त प्रतिबंधक औषधे आजही उपयोगी आहेत. मात्र ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. दमा असलेल्यांना प्रोप्रॅनोलॉल देत नाहीत.