विश्लेषण : जहाज बांधायचा दोर तुटला की जीवावर का बेततं?

बंदरात जहाज धक्क्याला लागतानाचे व्हिडिओ समाजमाध्यमांवर नेहमी दिसतात. त्यातल्या काहींत अचानक बंदुकीच्या बारासारखा आवाज होतो आणि डेकवरचे लोक खाली वाकतात. तुटलेला असतो एक दोर. पण त्याचा फटका बसला तर माणूस जागीच जाऊ शकतो. म्हणूनच १ जानेवारी २०२४ पासून या दोरांसाठी जगभर नवे नियम लागू झाले आहेत.

एकाच जहाजाला इतके दोर कशाला?

प्रत्येक दोराचं काम वेगळं. पुढच्या टोकाचा हेड लाइन आणि मागचा स्टर्न लाइन. धक्क्याशी काटकोनात बांधलेला ब्रेस्ट लाइन जहाजाला धक्क्यापासून दूर जाऊ देत नाही. धक्क्याला जवळपास समांतर जाणारा स्प्रिंग लाइन जहाजाचं पुढे-मागे सरकणं रोखतो.

दोर एकदा बांधले की झालं, असंही नाही. मुंबई किंवा न्हावा शेवाला मोठ्या भरतीत पाणी चार-पाच मीटरनं चढतं. वर कंटेनर उतरवले की जहाज हलकं होऊन आणखी वर येतं. अशा वेळी आखूड ब्रेस्ट लाइन सगळ्यात आधी ताणला जातो. रात्री-अपरात्री दोर सैल-घट्ट करण्याची कटकट खलाशांच्या वाट्याला येते ती यामुळेच.

धोका नेमका कुठे?

नायलॉनचा दोर भरपूर ताणला जातो, धक्के पचवतो. पण ताणलेल्या रबरासारखी त्याच्यात ऊर्जा साठते आणि तुटल्यावर तो झपकन मागे येतो. याला 'स्नॅप-बॅक' म्हणतात. पॉलिप्रॉपिलीनचा दोर पाण्यावर तरंगतो, मात्र उन्हानं लवकर खराब होतो. मोठ्या जहाजांवर आता एचएमपीई नावाचा हलका, पोलादी तारेच्या तोडीचा दोर वापरतात. तो फारसा ताणला जात नाही, म्हणून तुटला तरी उसळणार नाही, असा समज होता.

२ मार्च २०१५ रोजी वेल्समधल्या मिलफर्ड हेवन इथे तो खोटा ठरला. 'झार्गा' या गॅसवाहू जहाजाचा असाच स्प्रिंग लाइन तुटून डेकवरच्या अधिकाऱ्याच्या डोक्याला गंभीर इजा झाली. त्या दोराच्या टोकाला धक्के पचवण्यासाठी लवचीक दोराचा तुकडा जोडलेला होता. ऊर्जा साठली ती त्यात. शिवाय दोराचे आतले धागे आधीच खराब झाले होते, ते वरून कळलं नव्हतं.

पूर्वी डेकवर रंगाचे पट्टे मारून 'इथे उभं राहू नका' असं दाखवत. पण पट्ट्याबाहेर उभा असलेला माणूस स्वतःला सुरक्षित समजू लागतो. त्यामुळे दोर बांधायची सगळी जागाच धोक्याची मानावी, असं आता सांगितलं जातं.

नव्या नियमांत काय आहे?

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या 'सोलास' करारातल्या या दुरुस्तीनुसार दोरांची नियमित तपासणी, वेळेत बदल आणि नोंदी बंधनकारक आहेत. हे जुन्या जहाजांनाही लागू आहे. दोर खलाशांच्या उभं राहायच्या जागेवरून जाऊ नयेत अशी डेकची रचना मात्र फक्त नव्या जहाजांसाठी, तीही मुख्यतः ३,००० टन आणि त्याहून मोठ्या. मालवाहू जहाज वीस-पंचवीस वर्षं सहज चालतं. म्हणजे आज जहाजावर रुजू होणाऱ्या कोकणातल्या पोराला बरीच वर्षं जुन्याच डेकवर, ताणलेल्या दोरांच्या मध्ये उभं राहून काम करावं लागेल.