पित्ताशय काढल्यावरील अतिसार

खड्यांमुळें पित्ताशय काढल्यावर कांहीं जणांस महिनोन्‌महिने जेवण होतांच शौचास धांवावें लागतें. घरांत तिला ‘संग्रहणी’ म्हणतात, ताकभात सुरू होतो आणि रोगी लग्नकार्यास जाणेंहि सोडतो. ताकभाताचा दोष नाहीं. पण तो यावरील उपाय नव्हे. आंतड्यांत उतरलेलीं पित्ताम्लें शेंकडा सुमारें ९५ लहान आंतड्याच्या शेवटच्या भागांत पुन्हां शोषलीं जातात. तीं अधिक प्रमाणांत मोठ्या आंतड्यांत गेलीं कीं तेथें पाणी सुटतें. तो शेवटचा भाग क्रोनच्या रोगानें बिघडला वा कापला असल्यासहि हेंच घडतें. मग मूळ रोगावरहि इलाज हवा. सबब शस्त्रक्रियेची हकीकत डॉक्टरांस आधीं सांगावी. कोलेस्टिरामीनची भुकटी पित्ताम्लें बांधते. तिनें गुण आल्यास निदानास पुष्टि मिळते. मात्र ती इतर औषधेंहि बांधते. तीं तिच्या १ तास आधीं किंवा ४ ते ६ तासांनंतर घ्यावीं.